टोकियोचा नाच आणि आपली जाम नदी

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्याची २३ तारीख शनिवारी आली. आदल्या दिवशी पोळा झाला होता. तेव्हा रीतीप्रमाणे पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात त्या शनिवारी गोटमार झाली. त्याच दिवशी, येथून हजारो कोस दूर जपानची राजधानी टोकियो येथे, कोएंजी नावाच्या वस्तीत लोक रस्त्यांवर नाचत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कोणाच्या स्वप्नीही आले नसते. परंतु कोएंजीच्या त्या गर्दीत सावरगावचा एक तरुण उभा होता. त्या रात्रीची हकीकत त्याने आम्हांस एका लांबलचक पत्राने कळविली. पत्र वाचून झाल्यावर आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि आपल्या वाचकांपुढे ते ठेवावे असे मनाशी ठरविले. तरुणाचे नाव आम्ही येथे देत नाही. गावातील मंडळींनी त्यास ओळखलेच, तर त्यांनीही ते आपल्यापाशीच ठेवावे.

परदेशातील बिऱ्हाड

या तरुणाचे शालेय शिक्षण आमच्या डोळ्यांदेखत झाले. पुढे नागपुरास शिकून तो संगणकाच्या कामासाठी जपानात गेला. टोकियोच्या पूर्वेस एदोगावा नावाचा प्रभाग आहे. त्यातील निशीकासाई भागात त्याचे बिऱ्हाड आहे. सन २००० च्या सुमारास संगणकांतील सालाच्या आकड्यांचा जो घोटाळा जगभर गाजला, त्याच्या निवारणासाठी अनेक भारतीय अभियंते जपानात गेले, आणि त्यांतील पुष्कळांनी या भागात घरे घेतली. आज तेथे आपल्याकडील डाळी-मसाल्यांची दुकाने आहेत. मूळचे महाराष्ट्रातील श्री. योगेंद्र पुराणिक हे २०१९ साली एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडूनही आले. टोकियोत मराठी मंडळ आहे, आणि तेथे गणेशोत्सवही होतो.

इतके सर्व असूनही परका मुलूख तो परकाच. आठवड्याचे पाच दिवस कामात जातात. शनिवार मात्र खावयास उठतो, असे तो लिहितो. कपडे धुवावेत, भात शिजवावा, आईशी बोलावे आणि खिडकीत बसावे. पोळ्याच्या दिवशी त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर घरच्या बैलांची चित्रे पाहिली. शिंगांना लावलेला रंग, कपाळावरची बाशिंगे, पाठीवरच्या झुली हे सर्व पाहून त्यास गहिवरून आले. दुसऱ्या दिवशी गोटमार. लहानपणापासून त्या दिवशी त्याने घरात बसणे कधी जाणले नव्हते. त्यामुळे सकाळपासून त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्याच्या कचेरीतील एका वडीलधाऱ्या जपानी गृहस्थांनी हे ताडले असावे. त्यांनी आग्रहाने त्यास संध्याकाळी कोएंजीस बोलाविले.

कोएंजीचे रस्ते

निशीकासाईहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी शहराच्या पोटातून जाऊन नाकानो स्थानकापाशी उघड्यावर येते. त्याच्या पुढचे स्थानक कोएंजी. एरवी ही अरुंद गल्ल्यांची आणि लहान दुकानांची वस्ती आहे. परंतु ऑगस्टच्या अखेरीस शनिवार-रविवार असे दोन दिवस, संध्याकाळी पाचपासून आठपर्यंत, तेथील रस्ते वाहनांस बंद होतात आणि सुमारे दहा हजार माणसे त्यांवरून नाचत जातात. पाहणाऱ्यांची संख्या दोन दिवसांत मिळून दहा लक्षांच्या घरात जाते.

या नृत्यास आवा ओदोरी असे म्हणतात. ओदोरी म्हणजे नाच. आवा हे शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांताचे जुने नाव. तेथे हा नाच सुमारे चारशे वर्षांपासून चालत आला आहे असे मानतात, आणि दरवर्षी १२ ते १५ ऑगस्ट या तारखांस तोकुशिमा शहर त्यासाठी सारे कामकाज बाजूस ठेवते. त्याचे मूळ ओबोन नावाच्या सणात आहे. त्या दिवसांत पितर घरी येतात अशी जपानी लोकांची श्रद्धा आहे. आपल्याकडे पितृपक्ष आहे, आणि आम्ही ख्रिस्ती लोक नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस मृतांचे स्मरण करतो. त्या देशी मृतांच्या स्मरणात नाचालाही जागा आहे, इतकाच काय तो भेद.

नाचणारे सुटे सुटे येत नाहीत. त्यांचे मेळे असतात; एका मेळ्यास ‘रेन’ असे म्हणतात. पुढे उंच काठ्यांवर कागदी कंदील, मागे स्त्रिया, त्यांच्यामागे पुरुष व मुले, आणि सर्वांत शेवटी वाजविणारे. स्त्रियांच्या मस्तकी मध्ये दुमडलेली गवती टोपी असते. ती इतकी पुढे झुकलेली असते की चेहरा अर्धाच दिसावा. पायांत लाकडी खडावा. त्यांच्या पुढच्या टोकांवर तोल सावरीत, दोन्ही हात वर धरून त्या चालतात. पुरुष गुडघे वाकवून, जमिनीलगत झुकून, कधी हातातील पंखा फिरवीत पुढे सरकतात. बासरी, शामिसेन नावाचे तीन तारांचे वाद्य, लहानमोठे ढोल आणि हातात धरून ठोकावयाची एक छोटी घंटाथाळी ही वाद्ये. ही घंटाथाळी वाजविणारा पुढारी. त्याच्या ठोक्यावर सारा मेळा चालतो. चाल दोनच मात्रांची. उजवा पाय पुढे पडला की उजवाच हात पुढे, डावा पाय पडला की डावा हात. ऐकावयास सोपे वाटते, परंतु चालून पाहिल्यावर आपलेच हातपाय आपले ऐकत नाहीत, असे त्या तरुणाने लिहिले आहे. मोठे ढोल जवळ आले तेव्हा त्यांचा घुमार त्यास छातीत जाणवला, आणि पोळ्याच्या तोरणाखाली उभे राहिल्याचा भास झाला.

इतक्यात त्याच्या खिशातील दूरध्वनी थरथरला. टोकियोचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेतीन तास पुढे असते. तेथे संध्याकाळचे सहा वाजून गेले होते; येथे दुपारचे अडीच, म्हणजे गोटमारीचा ऐन भर. आईचा निरोप होता: “लहान्याले गोटा लागला. भुवईवर सात टाके पडले. डोळा वाचला. तू फिकर नोको करू.”

भोवती ढोल वाजत होते, लोक हसत होते, कोणाचे लेकरू बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटीत होते. तो मात्र तेथेच रस्त्याच्या कडेस खाली बसला. सोबतच्या गृहस्थांनी त्यास पाणी आणून दिले व काय झाले ते विचारले. त्याने सांगण्याचा यत्न केला. दोन गावे, मध्ये नदी, नदीत पळसाचे झाड, झाडावर निशाण, आणि दोन्ही काठांवरून दगड. गृहस्थांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “ती दोन गावे एकमेकांची शत्रू आहेत काय?” तरुणाने उत्तर दिले, “नाहीत. आमच्या आत्या तिकडे दिल्या आहेत.”

शेजाऱ्याची ईर्षा

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी त्यास कोएंजीच्या नाचाची जन्मकथा सांगितली. आमच्या मते साऱ्या पत्राचे सार तिच्यात आहे.

कोएंजीच्या पुढचे स्थानक आसागाया. ही दोन्ही ठिकाणे एकमेकांस अगदी लागून आहेत, आणि दोन्हीकडे दुकानदारांचीच वस्ती. सन १९५४ मध्ये आसागायाच्या व्यापाऱ्यांनी तानाबाता नावाचा ताऱ्यांचा उत्सव आपल्या पेठेत सुरू केला. कागदाच्या रंगीत शोभेने पेठ सजली आणि गिऱ्हाइकांची झुंबड तिकडे लोटली. कोएंजीच्या तरुण दुकानदारांस हे सोसेना. शेजाऱ्याचे नाव झाले आणि आपले नाही, ही बोच कोणत्या गावास ठाऊक नाही? आपणही काही करावे असे त्यांनी ठरविले. परंतु देवाची मोठी पालखी मिरवावी, तर रस्ता अरुंद. तेव्हा कोणीतरी आवाच्या नाचाची गोष्ट काढली. तो नाच पुढे पुढे चालत करावयाचा असतो आणि अरुंद रस्त्यातही मावतो. सन १९५७ मध्ये अवघी ३८ माणसे रस्त्यावर उतरली. नाच धड कोणास येत नव्हता. नावही त्यांनी स्वतःच ‘बाका ओदोरी’, म्हणजे वेड्यांचा नाच, असे ठेवले होते. पुढे तोकुशिमाहून टोकियोत येऊन राहिलेल्या मंडळींकडून त्यांनी मूळ चाल शिकून घेतली, आणि नाचास त्याचे खरे नाव दिले. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की ज्यांनी शिकविले ते स्वतःही आपला प्रांत सोडून पोटासाठी राजधानीत आलेले लोक होते. गाव सोडताना त्यांनी आपला नाच बरोबर आणला होता.

आज आसागायाचा उत्सव ऑगस्टच्या आरंभी होतो आणि कोएंजीचा अखेरीस. ईर्षा अजून आहे, परंतु तिच्यामुळे दोन्ही पेठा भरभराटीस आल्या.

जपानातील माणसे देवदूत आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. खुद्द तोकुशिमात २०१८ साली उत्सवाच्या कर्जावरून नगराध्यक्ष आणि नाचणारे मेळे यांच्यात मोठा तंटा झाला. सर्व मेळ्यांनी एकत्र नाचण्याचा जो समारोप असतो, तो नगराध्यक्षांनी रद्द केला. मेळ्यांनी तो हुकूम न मानता १३ ऑगस्टच्या रात्री दुसऱ्या रस्त्यावर तो नाच केलाच. भांडण खरे होते, राग खरा होता, परंतु त्या रात्री कोणाचे डोके फुटले नाही.

दुसरे उदाहरण लंडनचे. तेथील नॉटिंग हिल वस्तीत १९५८ च्या उन्हाळ्याअखेर गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर हल्ले केले. बाटल्या व दगड यांचा वर्षाव झाला. त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९५९ मध्ये, त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स या बाईंनी आपल्या देशच्या कार्निव्हलचा एक कार्यक्रम लंडनच्या एका सभागृहात घडवून आणला. पुढे १९६६ मध्ये नॉटिंग हिलच्या रस्त्यांवर मिरवणूक निघाली, आणि आता दर ऑगस्टअखेर तेथे लाखो लोक जमतात. त्या गर्दीत चोऱ्यामाऱ्या होतात, कधी सुरेही निघतात. पोलिसांस तेथे डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. तरीही ज्या रस्त्यांवर एके काळी वेस्ट इंडीजच्या माणसास एकट्याने जाण्याची भीती वाटे, त्याच रस्त्यांवर आज त्याची पोरे ढोल वाजवीत जातात.

जाम नदीच्या काठी

आता आपल्या घरी येऊ. गोटमारीची कथा आपल्या भागात पोराथोरांस पाठ आहे. पांढुर्ण्याच्या मुलाचे सावरगावच्या मुलीवर मन जडले. दोघे पळून जात असता नदीत अडकली. सावरगावकरांनी दगड मारले, आणि मुलास वाचविण्यासाठी पांढुर्णेकरांनीही उलट दगड मारले. त्या माऱ्यात दोघांचा अंत झाला. पुढे दोन्ही गावांस पश्चात्ताप झाला, आणि त्या जोडप्याच्या स्मरणार्थ ही रीत पडली असे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण लावतात. पांढुर्णेकर ते आणावयास धावतात, सावरगावकर त्यांस अडवितात. शेवटी ते झाड चंडीमातेच्या देवळात नेऊन दोन्ही गावे एकत्र पूजा करतात.

ही रीत मोडीत काढावी असे चार ओळींत लिहून मोकळे होणे सोपे आहे. बाहेरची वर्तमानपत्रे दरवर्षी ते करतातच, आणि आपल्या लोकांस रानटी ठरवून जातात. आम्ही त्यांत सामील होणार नाही. ज्या गावांनी आपल्या हातून मेलेल्या दोन लेकरांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली, ज्यांचा शेवट एकत्र पूजेत होतो, त्या गावांचे अंतःकरण दगडाचे खचित नाही. परंतु दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात हेही तितकेच खरे. कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात मोडतो, आणि आजवर कित्येकांनी प्राणही गमावले आहेत. जमावबंदीचे हुकूम निघतात, पोलीस येतात, नदीकाठी दवाखाने मांडले जातात. अधिकाऱ्यांनी एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. लोकांनी ते मानले नाहीत.

ते का मानले नाहीत, याचा विचार केला पाहिजे. त्या तरुणाने जखमी भावास हाच प्रश्न विचारला होता. भाऊ म्हणाला, “दादा, जो नदीत उतरत नाही, त्याले गावात कोणी पुसत नाही.” हे उत्तर आम्हांस फार खोल वाटते. गोटा फेकण्यात पोरास रक्ताची गोडी नाही. त्यास त्या एका दिवशी गावासाठी उभे राहावयाचे आहे, चार माणसांनी आपणांस पाहावे असे वाटते आहे. ज्याच्यापाशी जमीन थोडी आणि काम अनिश्चित, त्यास वर्षातून असा दिवस दुसरा कोणता मिळतो? रबरी चेंडू हातात दिल्याने तो मान मिळत नाही. उलट थट्टा होते. कोएंजीच्या दुकानदारांनी आपल्या पोरांस नेमका तो मान दिला. मेळ्यातील माणूस महिनोन्‌महिने सराव करतो. त्याच्या मेळ्याचे नाव कंदिलावर लिहिलेले असते, आणि त्याची म्हातारी आई फूटपाथवर पुढची जागा धरून त्याची वाट पाहत बसते.

मग काय करावे?

नाचाची विद्या आपणांस जपानातून आणावयाची नाही. ती आपल्याच घरी आहे. आपल्या विदर्भी मुलखात दंडार आहे. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणणारे आहेत. डफ, ढोल, लेझीम आहे. येथून शंभराएक किलोमीटरच्या आत नागपुरात पोळ्याच्या त्याच दुसऱ्या दिवशी मारबत निघते. रोगराई आणि इडापिडा यांच्या पुतळ्यांस वाजतगाजत, नाचत गावाबाहेर नेऊन जाळतात, आणि त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचाही बडग्या करून मिरवितात. म्हणजे राग बाहेर काढण्याची, आणि तरी कोणास इजा न करण्याची युक्ती आपल्या लोकांस पूर्वीपासून अवगत आहे. तीच माणसे, तोच दिवस, तीच भाषा.

आमचे म्हणणे एवढेच की, दोन्ही काठांवरील जाणत्या मंडळींनी एकत्र बसावे. पळसाचे झाड राहू द्यावे, निशाण राहू द्यावे, चंडीमातेची पूजा राहू द्यावी. ही जाती-धर्माची गोष्ट नसून दोन गावांची आहे, आणि या गावांत राहणारे आम्हीही तिच्यात येतो. पैज राहू द्यावी. पैजेवाचून तरुणांस रंग नाही. केवळ ती पैज कशाची असावी हे नव्याने ठरवावे. पांढुर्ण्याचे दहा मेळे, सावरगावचे दहा मेळे, आषाढापासून सराव, ज्याचा मेळा सरस, त्याने झाड उचलावे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून आपला नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचे नाव कशासाठी दूरवर पोचावे, हे ठरविण्याची हीच वेळ आहे.

पहिल्या वर्षी हसे होईल. ते होऊ द्यावे. ज्यांनी आपल्या नाचास स्वतःच वेड्यांचा नाच म्हटले, त्यांच्या वस्तीत आज दहा लक्ष लोक जातात. वडिलार्जित रीत मोडू नये असे म्हणणाऱ्यांस आमचे सांगणे असे की, कोएंजीची रीत १९५७ ची आहे. तेव्हा जन्मलेली पुष्कळ माणसे आज नातवंडांस हाताशी धरून ती पाहतात, आणि त्या नातवंडांस ती जगाइतकी जुनी वाटते. प्रत्येक जुनी रीत कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा केलेली असते. पवित्र शास्त्रातील उपदेशकाच्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, नाचण्याची वेळ आणि धोंड्यांची वेळ या दोहोंचा उल्लेख अगदी लागून आला आहे. तो अध्याय आम्ही अनेक वर्षे वाचीत आलो. हे पत्र आल्यापासून तेथे आल्यावर डोळ्यांपुढे जाम नदीचे पात्र उभे राहते.

त्या रात्री आठ वाजता ठरलेला कार्यक्रम आटोपल्यावर एका गल्लीत एका मेळ्याने रिंगण धरले आणि पाहणाऱ्यांस हात धरून आत ओढले. आपला तरुणही आत गेला. डोळे ओले, उजवा पाय आणि डावा हात, सगळेच चुकीचे. तरी कोणी हसले नाही. आता त्याने भावास लिहिले आहे की, येत्या पोळ्यास रजा काढून येईन, आणि तू नदीत उतरणार नसशील तर आपण दोघे मिळून ढोल घेऊ. भावाने अद्याप होकार दिलेला नाही. त्याच्या वयाचे आणखी काही सोबती मिळाले तर पाहू, असे तो म्हणतो.

ते सोबती आपल्याच घरांत आहेत. कोएंजीत आरंभी ३८ होते. दोन्ही काठांवरील आईबापांनी यंदाच्या आषाढापूर्वी आपल्या मुलांशी बसून एवढे बोलणे करावे, आणि ज्यांच्या घरी डफ किंवा ढोल माळ्यावर पडून असेल, त्यांनी तो खाली काढून ऊन दाखवावे.